माझ्या बाकड्यावरचा काकासाहेब

मंठ्याच्या मेन रोडला माझं दुकान आहे. बोर्डावर ठळक लिहिलंय : शेतीपंप, फवारणी यंत्रे व सर्व प्रकारचे सुटे भाग मिळतील. त्याखाली प्रोप्रायटर म्हणून माझं नाव, राधेश्याम. दुकानापुढं लोखंडी बाकडं आहे, तेही माझंच. गिऱ्हाइकाला टेकायला असावं म्हणून मुद्दाम वेल्डिंग करून घेतलेलं. त्या बाकड्यावर काकासाहेब बसतो. आणि आलेलं गिऱ्हाईक माझी पायरी चढण्याआधी त्याच्यापुढं जाऊन उभं राहतं.

आता हा काकासाहेब कोण? मेकॅनिक नाही, इंजिनिअर तर नाहीच नाही. एसटीतला रिटायर कंडक्टर. पाना हातात दिला तर चमच्यासारखा धरील. पण कुणाच्या शेडमध्ये जुनापुराणा फवाऱ्याचा पंप पडलेला असो, बंद पॉवर टिलर असो, झाडं कापायची इंजिनवाली करवत असो. ज्या कंपनीनं ती बनवली ती बुडून जमाना झालेला असो. त्या यंत्राचं छापील पुस्तक कुठं सापडेल आणि त्यातला पार्ट आज कोणत्या नावानं मिळतो, हे काकासाहेब शोधून देतो. कोल्हापूर, नाशिक, कुठून कुठून फोन येतात त्याला. पुस्तक सापडलं की पानांचे फोटो काढून पाठवतो, आणि पैसा घेत नाही. पैसा घेतला असता तर मला निदान बोलायला जागा राहिली असती.

मी जळतो त्याच्यावर. उगाच आडपडदा कशाला ठेवू? सुट्या भागांचं दुकान माझं, कपाटं भरून माल माझा, या धंद्यात केस पांढरे झाले ते माझे. आणि जिल्ह्यात जुन्या यंत्रांचा जाणकार म्हणून नाव कुणाचं, तर तिकिटं फाडणाऱ्याचं.

तशी आमची ओळख शाळेपासूनची. दोघंही कुंभार पिंपळगावचे, एकाच वर्गातले. त्याचा बाप निवृत्ती आमच्याच शेतात सालगडी होता. म्हणजे बघा, आमच्या बागेत ज्याचा बाप झाडांना आळी करायचा, त्याला लोक ‘काकासाहेब, तुमच्यामुळं इंजिन चालू झालं’ म्हणून नमस्कार घालतात, आणि मला म्हणतात, ‘शेठ, जरा सरका, काकासाहेबांशी बोलायचंय.’ माझ्याच बाकड्यावरून मला सरकवतात.

त्याच्या शोधायच्या रीतीत काही अक्कल लागत असेल असंही नाही. नोकरीत असताना एकेका स्टँडवर कोण काय विकतं, कुणाचं गोडाऊन बंद पडलं, कुठला मिस्त्री वारला आणि त्याची ट्रंक कुणाकडं गेली, हे सगळं त्याला चालत्या बसमध्ये कळायचं. माणूस बोलायला लागला की तिकीट द्यायचं थांबवून ऐकत बसायचा, मागचे प्रवासी ओरडायचे. त्याच ओळखी त्यानं आता कामाला लावल्या. हसनाबादच्या एका पॉवर टिलरचं पुस्तक त्यानं परभणीत शोधलं. एका बाईनं ते शिवणयंत्राच्या पायाखाली टेकू म्हणून दिलं होतं. काकासाहेब स्वतः गेला, तिला लाकडाचा टेकू तासून दिला, पुस्तक घेऊन आला, आणि पुढं महिनाभर माझ्या बाकड्यावर बसून तीच गोष्ट प्रत्येकाला सांगितली. दर वेळी तो टेकू थोडा मोठा होत गेला.

“माझ्या हातून सुटंल असं इंजिन अजून जल्माला यायचंय,” असं म्हणायचा, आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचा.

मला सगळ्यात डोक्यात जायची ती त्याची उभं राहायची ढब. कोणी यंत्र टेम्पोत घालून दुकानापुढं आणलं की हा उठणार, दोन्ही हात पाठीमागं बांधणार आणि त्याच्याभोवती फिरणार. वाकून बघील, वास घेईल, नंबराची प्लेट वाचील, पण हात पुढं येणार नाही. जसा काही कलेक्टरच दौऱ्यावर निघालाय. आमच्या गल्लीतला कचरू मिस्त्री कोपरापर्यंत ऑइलमध्ये बुडालेला असायचा, आणि हा हात मागं बांधून ‘असं कर, तसं कर’ म्हणायचा. मी एकदा बोललोही, “साहेब, हात लावले तर मळत न्हाईत.” तो नुसता हसला.

गेल्या उन्हाळ्यात मोसंबीवाल्या शेतकऱ्यांनी मेळाव्यात त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. स्टेजवरच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून माझ्या दुकानातून नेल्या. माझ्या खुर्चीवर बसून त्यानं शाल घेतली. घरी आलो तर जेवण जाईना.

“अहो, त्यांना शाल दिली तर तुमच्या पोटात कामून दुखून राह्यलंय?” आमची साधना म्हणाली. “उन्हाळ्याची शाल. तुमाला दिली असती तर घामोळ्या आल्या असत्या.”

बायकोनं असं बोलल्यावर माणसानं कुठं जावं?

तर असा हा माझ्या मनातला काटा. आणि नेमकं त्याच साली गणपतीत गावी गेलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ कारभारी मला शेडमध्ये घेऊन गेला. शेती तोच बघतो. शेडच्या कोपऱ्यात आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं इंजिन उभं होतं.

आबांनी मोसंबीची बाग लावली तेव्हा घेतलेलं ते फवारणीचं इंजिन. दोन चाकांचा गाडा, त्यावर पेट्रोलचं इंजिन आणि पंप, आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध उडवणारी लांब नळी. अख्ख्या कुंभार पिंपळगावात तसलं दुसरं नव्हतं. ते सुरू करायचं म्हणजे पुलीला दोरी गुंडाळायची आणि झटक्यात ओढायची. बांधावर पोरं गोळा व्हायची बघायला. दोरी मात्र मी ओढायचो. माझ्या हातावर आबा आपला हात ठेवायचे आणि आम्ही दोघं मिळून ओढायचो. एकदा त्याचा सायलेन्सर मनगटाला लागला. भाजल्याचा डाग अजून आहे. तेव्हा तो डाग मी वर्गातल्या एकेका पोराला बोलावून दाखवला होता, इंजिनानं भाजलंय म्हणून.

आबा गेले, इंजिन बंद पडलं, आणि मागून ट्रॅक्टरवरचे फवारे आले.

“दादा, जागा अडून राह्यली,” कारभारी म्हणाला. “भंगारवाल्याला सांगितलंय. दसरा झाला की गाडी घिऊन येतोय.”

त्याचं चुकत नव्हतं. पण आई, झुंबरबाई, मागं येऊन उभी राहिली होती. ती पदरानं इंजिनाच्या टाकीवरची धूळ पुसायला लागली. माझ्या तोंडातून निघून गेलं, “खंडेनवमीला चालू करून दाखवतो. न्हाई झालं तर खुशाल दे भंगारात.”

“खरंच करशील का रं, राधू?” आई म्हणाली. “आबांच्या मागं त्येचा आवाज कानावर न्हाई पडला.”

आता मागं फिरायची सोय नव्हती. आणि खरं सांगतो, त्याच वेळी माझ्या डोक्यात दुसरीही एक गोष्ट आली. हे इंजिन मी एकट्यानं चालू करायचं. त्याचं पुस्तक मी शोधायचं, पार्ट मी शोधायचे. काकासाहेबाला कानोकान खबर लागू द्यायची नाही. चालू झालं की व्हिडिओ काढून त्याला पाठवायचा, खाली एक अक्षर लिहायचं नाही.

कुठल्याही यंत्राचं पुस्तक शोधायचं तर आधी त्याची प्लेट वाचावी लागते. कंपनी, मॉडेल, नंबर. आमच्या इंजिनाची प्लेट होती जागेवरच, पण ती दिसत नव्हती. खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांची पूजा होते. कुणी कुंकू कुठं लावतं, कुणी कुठं. आमच्या घरात ते इंजिनाच्या नावावर लावायची रीत. आबा म्हणायचे, माणसाला कपाळ असतं, इंजिनाला प्लेट असते. तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटानं प्लेटवर. दर वर्षी. मधे एकदा कारभारीनं शेडच्या दाराला हिरवा रंग दिला, उरलेला इंजिनाला फासला, प्लेटसकट. त्यावर पुन्हा दर वर्षीचं कुंकू. प्लेटच्या जागी आता नुसता एक तांबडा-हिरवा खपला होता, दगडासारखा घट्ट.

मी पटाशी काढली, तर आईनं हात धरला.

“खरवडू नगंस. तळाचं कुंकू त्येंच्या हातचं हाय.”

“आई, नंबर दिसल्याशिवाय पुस्तक कसं मिळंल?”

“ते तू बघ. इतकी वर्सं दुकान करून राह्यलास ना?”

मग मी रंगावरून अंदाज बांधला. हिरवं इंजिन म्हणजे एका जुन्या नावाजलेल्या कंपनीचं असणार. रंग कारभारीनं दिलाय हे ठाऊक असूनही असं का वाटलं, विचारू नका. आबांचं आहे म्हणजे नावाजलेल्याच कंपनीचं असणार, असं मनानं घेतलं होतं. त्या कंपनीचं पुस्तक ओळखीच्या डीलरकडून मिळालं, त्यातल्या नंबराप्रमाणं पिस्टनची रिंग आणि ठिणगीचे पॉइंट मागवले, आणि कचरू मिस्त्रीला गुपचूप पिंपळगावला नेला. त्यानं इंजिन खोललं, रिंग आत बसवून बघितली, बाहेर काढली, पुन्हा बसवून बघितली.

“शेठ, ही त्याची न्हाई,” तो म्हणाला. “बिलकुल न्हाई. काकासाहेबांना—”

“त्याचं नाव काढायचं न्हाई!” मी ओरडलो. कारभारीची म्हैस बिचकून उभी राहिली.

मग मी फोन सुरू केले. कोल्हापुरात जुनी इंजिनं जमवणारे एक गृहस्थ आहेत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही जालन्याकडचे ना? अहो, मग मला कशाला विचारता? तुमच्या मंठ्यातच काकासाहेब आहेत.” पुण्याच्या एका म्हाताऱ्या पारशी डीलरनं मोडक्या मराठीत तेच सांगितलं, वर माझ्याकडूनच त्याला सलाम पाठवला. कोइंबतूरच्या पार्टवाल्याला तर मराठी येत नव्हतं, पण त्याच्या हिंदीत मला दोन शब्द स्वच्छ ऐकू आले : मंठा आणि काकासाहेब. फोन ठेवला आणि काचेतून बाहेर बघितलं. दोन्ही शब्द माझ्या बाकड्यावर बसून बिडी ओढत होते.

शेवटी साधनाच्या फोनवरून मी जुन्या यंत्रांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो. नाव लावलं प्रेम, गाव नांदेड. इंजिनाचे फोटो टाकले, बाजूनं, मागून, आणि तो कुंकवाचा खपलाही. खाली लिहिलं, कोणते मॉडेल असेल, जाणकारांनी सांगावे. जाणकारांनी पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्या सांगितल्या आणि आपसात भांडायला लागले. मग ग्रुपच्या मालकाचा मेसेज आला. मालक काकासाहेब होता, हे मला तेव्हाच कळलं.

‘प्रेमराव, इंजिन कोणत्या गावचे?’

मी लिहिलं, ‘नांदेड.’

‘नांदेडला असे इंजिन नाही,’ त्यानं लिहिलं. बस, एवढंच. मी तडक ग्रुपमधून बाहेर पडलो.

घटस्थापना झाली तरी माझ्या हातात काही नव्हतं. कारभारीचा फोन आला, भंगारवाला विचारतोय, नक्की समजू का? मागं आईचा आवाज आला, “त्येला घाई नगं करू. राधू बघून राह्यला.” त्या एका वाक्यानं माझा सगळा ताठा उतरला. मी नाही विचारलं तर मी जिंकणार नव्हतोच, फक्त आईचं इंजिन वजनावर जाणार होतं.

सकाळी मी दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर जाऊन त्याच्या शेजारी बसलो. चहा संपला तरी तोंड उघडेना.

“एक इंजिन बघायचं होतं,” शेवटी म्हणालो.

“चल,” तो म्हणाला.

“कुठं, कुणाचं, इचारशील तरी.”

“पिंपळगावला. दुसरं कुठं?” तो उठला. “पण घरी जाऊन येतो आधी. थांब जरा.”

आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बसमध्ये बसल्यावर मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, “नांदेडचे प्रेमराव बी येऊन राह्यलेत का?” मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्यानं फोटो बघताच ओळखलं होतं, आणि ग्रुपमध्ये माझी अब्रू घालवली नव्हती. याचाही मला रागच आला. माणसानं चांगुलपणातही पुढं जावं म्हणजे काय!

शेडमध्ये गेल्यावर त्यानं चपला बाहेर काढल्या. मग दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आमच्या इंजिनाभोवती फिरायला लागला. आज तो नेहमीसारखा बोलत नव्हता. आई उंबऱ्याशी येऊन बघत होती.

“तू निवृत्तीचा काकासाहेब न्हवं?” ती म्हणाली.

“व्हय, माय.”

“आई,” मी मध्येच म्हणालो, “आता तरी प्लेट जराशी खरवडू दे. एक कोपरा फक्त. हा नंबर वाचंल.”

“खरवडू नगंस,” काकासाहेब म्हणाला. “माझ्या पाठ हाय.”

आणि त्यानं डोळे मिटले. शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं इंग्रजी एकेक अक्षर सुटं सुटं म्हणायला लागला. टी, ओ, एम, आय, आर, ए. तोमिरा. मग मॉडेल. मग लांबलचक नंबर, एका दमात. मग म्हणाला, “खाली बारीक अक्षरात, मेड इन जपान. तीन कोपऱ्याला खिळे हायेत, चवथ्याला स्क्रू. रंग लाल होता. हिरवा कुण्या येड्यानं दिला?”

कारभारीनं मान खाली घातली.

“तुला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“वाचलंय की.” त्यानं डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं नाही, इंजिनाकडंच बघत राहिला. “बापाची भाकर घिऊन बागंत यायचो. तू दोरी वढायचास. मी जवळ आलो का आबा म्हणायचे, हात मागं ठेव रे, भाजशील. मंग हात मागं ठिवून माणसानं करावं तरी काय? वाचायचो. इंग्रजी येत न्हवतं तवा नुसते आकार ध्यानात ठिवले. घरी जाऊन चुलीपुढच्या राखंत काढायचो. पाचवीला एबीसीडी आली तवा कळलं, का हे तोमिरा हाय.”

मी त्याच्या पाठीमागं उभा होतो. मला त्याचे हात दिसत होते, एकात एक घट्ट अडकवलेले. इतकी वर्षं ज्याला मी कलेक्टरचा रुबाब म्हणत आलो, ते हात.

“राधूला तं कधी म्हनले न्हाईत ते, भाजशील म्हनून,” आई सावकाश म्हणाली.

मी आठवून बघितलं. त्या इंजिनाची दोरी मी किती वेळा ओढली असेल, मोजदाद नाही. त्याच्या प्लेटवर काय लिहिलंय, हे मी एकदाही वाचलेलं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या मला काकासाहेबाचा असा हेवा वाटला की शालीच्या वेळी वाटलेला काहीच नव्हता. आमचं इंजिन, आमची बाग, आमचे आबा, आणि ते सगळं माझ्यापेक्षा जास्त त्याच्याजवळ होतं.

“आणि पुस्तक?” मी विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

“हाय की माझ्याकडं. पैलं घावलेलं पुस्तक तेच. जालन्याला एका जुन्या एजंटचं गोडाऊन खाली करून राह्यले होते. बसला टाइम होता म्हणून उगं डोकावलो, तर रद्दीच्या ढिगात तेच आकार. टी, ओ, एम. पोटाशी धरून आणलं. मंग लोकांना कळलं, का ह्याच्याकडं पुस्तकं असतेत, आन् समदं पुढं सुरू झालं.”

“मग मला सांगितलं का न्हाईस? रोज माझ्याच बाकड्यावर बसतोस!”

“म्हणूनच बसतो की,” तो म्हणाला. “कवा तरी इचारशील म्हणून. तुमचं इंजिन. न बोलावता हात कसा घालावा?”

पुस्तक दुसऱ्या दिवशी दुकानात आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा पिशवी. कचरूनं त्यातली चित्रं बघितली, मापं बघितली, आणि त्याला हसू आवरेना. आमच्या इंजिनाची रिंग हल्लीच्या एका साध्या फवारणी पंपाच्या रिंगेशी बराबर जुळत होती. ती माझ्याच दुकानात होती, खालच्या कप्प्यात, धूळ खात. पॉइंटही तिथंच. मी सगळ्या देशाला फोन करत बसलो होतो.

खंडेनवमीला आम्ही सगळे शेडपुढच्या अंगणात जमलो. मी, साधना, कारभारी, कचरू, आणि आईनं मुद्दाम निरोप धाडून बोलावलेला काकासाहेब. इंजिन बाहेर ओढून ठेवलं होतं. आईनं प्लेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. कचरूनं पेट्रोल भरलं आणि बाजूला झाला. मी पुलीला दोरी गुंडाळली.

खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच कुणाला विचारलं नाही. प्लेट त्याची, पुस्तक त्याचं, निदान दोरी तरी माझी, असंच माझ्या मनात होतं. मी जोर लावून ओढली. इंजिन फुर्रर्र करून थांबलं. पुन्हा गुंडाळली, पुन्हा ओढली. खांद्यात कळ आली. कारभारी तिकडं फोन बघायला लागला, भंगारवाल्याचाच असणार.

तिसऱ्यांदा दोरी गुंडाळताना सहज मान वर केली. काकासाहेब लांब, बांधाच्या कडेला उभा होता. हात मागं. तो इंजिनाकडं बघत नव्हता. माझ्या हातांकडं बघत होता. आणि मला एकदम ओळख पटली. बांधावरच्या पोरांमध्ये हे डोळे मी रोज बघितले होते, आणि ते बघतायत म्हणून दोरी जास्तच ऐटीत ओढली होती. जळायला पहिल्यांदा कोण शिकलं आणि कुणाकडून, हे मला त्या दिवशी कळलं.

“ये,” मी म्हणालो.

“न्हाई, न्हाई. तूच वढ.”

“ये म्हणतो ना! का आता पाटावर बसवून आवतन देऊ?”

तो आला. आला तरी हात मागंच. मी मागं जाऊन त्याचा उजवा हात सोडवला, पुढं आणला आणि दोरीची गाठ त्यात दिली. त्यानं दोरी ओढली ती बसच्या घंटीची दोरी ओढतात तशी, हलकीच, दोनदा. साधना पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“गाडी सोडून राह्यला का, काकासाहेब?” कचरू म्हणाला.

मग मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला. आबा ठेवायचे तसा, वरून, घट्ट. “आता,” म्हणालो, आणि दोघांनी मिळून ओढली.

इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. झेंडूचं फूल उडून पडलं. आई खाली बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. कारभारीनं फोन खिशात टाकला. मी आईकडं बघत होतो, तेवढ्यात मागून काकासाहेब “आयो!” म्हणून ओरडला. वळून बघितलं तर तो हात झाडत होता. गडी इतकी वर्षं थांबलेला, आणि हात लावला तो नेमका सायलेन्सरला.

“भाजलं?” मी विचारलं.

“भाजलं!” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. “आबा खरंच सांगून राह्यले होते रे!”

आईनं तुपाची वाटी आणली, तर लावू देईना. आधी साधनाला दाखवलं, मग कारभारीला, मग कचरूला.

भंगारवाल्याची गाडी आली नाही. इंजिन शेडमध्येच आहे, आता पुढच्या बाजूला. दसरा झाल्यावर मी दुकान उघडलं, तर काकासाहेब आधीच बाकड्यावर बसलेला होता आणि त्याच्यापुढं माणसं उभी होती. म्हटलं, पुन्हा टेकूची गोष्ट. जवळ गेलो, तर तो तळहात पुढं करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो फोड दाखवत होता. इंजिनानं भाजलंय, म्हणत होता.

मी बाही सारून माझं मनगट जरा पुढं केलं. कुणाचंही लक्ष गेलं नाही.